आता जरा खोका

खोकल्याची चाहूल लागली की माझी आई आधी पाय एकमेकांत अडकवायची. स्वयंपाकघरात असली तर ओट्याची कड धरायची, डावा पाय उजव्यापुढे घ्यायची आणि मगच खोकायची. तेही तोंडाशी पदर धरून, जेमतेम. मला वाटायचं, ही तिची लकब आहे. हळदीकुंकवाला गेली तर ती दाराजवळची जागा धरायची. तासाभराचा एसटीचा प्रवास असला तरी आदल्या रात्रीपासून पाणी तोडायची. फिक्या रंगाच्या साड्या तिनं एकेक करून बहिणींना देऊन टाकल्या, तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही.

ती ६७ वर्षांची असताना एका दुपारी शेंगा निवडता निवडता म्हणाली, ‘‘शिंकलं की होतं गं मला.’’ कधीपासून, असं विचारलं, तर म्हणाली, ‘‘धाकट्याच्या वेळेपासून.’’ माझा धाकटा भाऊ तेव्हा ३१ वर्षांचा होता.

मधल्या काळात तिनं एकदा एका डॉक्टरांना चाचरत सांगितलं होतं. ‘वय झालं की चालायचंच’ असं त्यांनी सांगितलं आणि तिनंही ते मान्य केलं. त्या वेळी ती चाळिशीत होती.

त्या दुपारनंतर मी या प्रश्नाचा माग काढत फिरले. मूत्ररोगतज्ज्ञांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटले, व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टबरोबर बसले, परवानगी काढून शस्त्रक्रियागृहात उभी राहिले. या सगळ्यांत मला सर्वांत जवळून पाहता आलं ते भूलतज्ज्ञाचं काम. रुग्णाला पुढे ज्याचा चेहरा आठवत नाही, असा हा डॉक्टर. लघवीच्या गळतीचा इतिहास या डॉक्टराच्या कामाशी किती घट्ट बांधलेला आहे, हे मला आधी माहीत नव्हतं.

०००

आपल्या बोलीतच या दुखण्याची अडचण आहे. गर्भाशयाला आपण ‘पिशवी’ म्हणतो, मूत्राशयालाही ‘पिशवी’च म्हणतो आणि ऑपरेशननंतर पलंगाला टांगतात तीही लघवीची ‘पिशवी’. बाई सांगते, ‘पिशवीचा त्रास आहे’. ऐकणारा आपल्या समजुतीनं अर्थ लावतो. म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट शब्दांत विचारायची: खोकताना, शिंकताना, हसताना, कळशी उचलताना लघवी होते का? की घाईची लागते आणि मोरीपर्यंत पोचायच्या आत सुटते? पहिली ताणाची गळती, दुसरी घाईची. अनेकींना दोन्ही एकत्र असतात. घाईच्या गळतीवर आधी सवयी बदलून आणि गोळ्यांनी उपचार करतात. ताणाची गळती हा मुळात आधाराचा प्रश्न आहे.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. खोकल्यानं पोटातला दाब एकदम वाढला की मूत्रमार्ग या झोळीवर दाबला जातो आणि बंद राहतो. शेतात पाण्याच्या पाइपवर पाय दिला आणि खाली जमीन कठीण असली, तर पाणी थांबतं. खाली चिखल असला तर पाइप दबून आत जातो आणि पाणी वाहत राहतं. बाळंतपणात झोळी सैल होते, पाळी गेल्यावर पेशीजाल आणखी पातळ होतं, आणि शरीराला खालची कठीण जमीन मिळेनाशी होते.

हे किती जणींना होतं? नॉर्वेतल्या सुमारे २८,००० स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत २५ टक्के जणींनी लघवी नकळत होते असं सांगितलं. त्यांतल्या निम्म्या जणींची गळती ताणाची होती. चौघींत एक, असं हे प्रमाण आहे. हळदीकुंकवाच्या बैठकीत दाराजवळ बसायला आई एकटी नव्हती.

पहिला उपाय शस्त्रक्रियेचा नाही. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये या झोळीच्या स्नायूंचे व्यायाम मांडले. ते व्यायाम आजही त्यांच्याच नावानं ओळखले जातात. किमान तीन महिने, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली ते करावेत असं ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ‘देखरेखीखाली’ हा शब्द महत्त्वाचा. आईला वाटत होतं आपण बरोबर करतोय. प्रत्यक्षात ती पोट आवळत होती आणि दाब उलट खालीच ढकलत होती. फिजिओथेरपिस्टनं हात धरून शिकवलं तेव्हा तिला स्वतःचे ते स्नायू ६७ व्या वर्षी पहिल्यांदा सापडले. तीन महिन्यांत गळती बरीच कमी झाली, पण थांबली नाही.

०००

शस्त्रक्रियेची वाट जिथून सुरू होते, ती जागा आठवली की अंगावर काटा येतो. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरी गावी, जेम्स मॅरियन सिम्स या डॉक्टरानं १८४५ ते १८४९ या काळात गुलाम काळ्या स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. अडलेल्या बाळंतपणात बाळाचं डोकं दिवसेंदिवस अडकून राहिलं की मूत्राशय आणि योनी यांच्यामधली भिंत कुजते, भोक पडतं आणि लघवी रात्रंदिवस वाहत राहते. खोकावंही लागत नाही. सिम्सनं हे भोक शिवायचा प्रयत्न चालवला. त्याच्या स्वतःच्या लेखनात यांतल्या तिघींची नावं आहेत: अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी. अनार्कावर त्यानं ३० वेळा शस्त्रक्रिया केली. शेवटी सोनाराकडून चांदीची बारीक तार करून घेतली, त्या तारेचे टाके घातले, आणि १८४९ मध्ये ते टाके टिकले.

या सगळ्या शस्त्रक्रिया भूल न देता झाल्या. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी इथरची भूल सर्वांसमोर देऊन दाखवली होती. १८४७ मध्ये इथर कलकत्त्यापर्यंत पोचलं होतं. माँटगोमेरीत मात्र त्या स्त्रिया गुडघ्या-कोपरांवर टेकून, दुसऱ्यांनी धरून ठेवलेल्या अवस्थेत टाके सोसत राहिल्या. या शस्त्रक्रिया भूल देण्याची उठाठेव आणि जोखीम पत्करण्याइतक्या वेदनादायक नसतात, असं सिम्सनं पुढे सांगितलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८ च्या एप्रिलमध्ये हलवला गेला.

लघवीच्या गळतीवरच्या शस्त्रक्रियेचा हा पाया आहे. ज्या बाईच्या देहावर ती विद्या शिकली गेली, तिला दुखतं आहे हे मोजलंच गेलं नाही. म्हणून या विषयावर लिहिताना मी भूलतज्ज्ञाला बाजूला ठेवू शकत नाही. रुग्णाला दुखू नये हेच ज्याचं काम आहे असा माणूस टेबलाच्या डोक्याशी उभा राहिला, तेव्हा कुठे ही विद्या माणसात आली.

०००

ताणाच्या गळतीसाठी विसाव्या शतकात पोट उघडून शस्त्रक्रिया होत असत. १९६१ मध्ये बर्च यांनी मांडलेली, मूत्रमार्गाच्या बाजूचं पेशीजाल वर टाके घालून टांगण्याची पद्धत बरीच वर्षं चालली. मग १९९० च्या दशकात स्वीडनमधल्या उप्सालाचे उल्फ उल्मस्टेन आणि ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे पीटर पेट्रोस यांनी वेगळा विचार केला. मूत्रमार्ग वर टांगायचा नाही. त्याच्या मध्याखाली सैलसर आधार द्यायचा. बोटाएवढ्या रुंदीची, पॉलिप्रोपिलीनच्या जाळीची एक पट्टी योनीतल्या छोट्या छेदातून नेऊन मूत्रमार्गाखाली ठेवायची. उल्मस्टेन यांनी १९९६ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली ती स्थानिक भूल देऊन, त्याच दिवशी घरी सोडायच्या शस्त्रक्रियेच्या रूपात.

स्थानिक भूल निवडण्यामागे कारण होतं. पट्टी किती सैल ठेवायची हे डोळ्यांनी ठरत नाही. मूत्राशयात सुमारे ३०० मिलिलिटर पाणी भरायचं आणि रुग्णाला सांगायचं, ‘आता जरा खोका.’ खोकल्याबरोबर लघवी उडाली तर पट्टी थोडी ओढायची, पुन्हा खोकायला सांगायचं. एखाद-दुसरा थेंब येईल इतकीच ती ठेवायची. पूर्ण कोरडी होईपर्यंत आवळली तर पुढे लघवीच अडते. म्हणजे रुग्णाला वेदना नको, पण तिची जाग, तिचं ऐकणं आणि तिचा खोकला हवा. भूलतज्ज्ञाला औषध थेंबाथेंबानं मोजून द्यावं लागतं.

पट्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. अंग बाहेर येण्याच्या (प्रोलॅप्सच्या) तक्रारीवर योनीमार्गे मोठ्या जाळ्या बसवल्या गेल्या आणि जगभर अनेक बायकांना वेदना, जाळी घासून उघडी पडणं, संबंधांत दुखणं असे त्रास झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ मध्ये इशारा दिला आणि २०१९ मध्ये त्या कामासाठीच्या योनीमार्गी जाळ्यांची विक्री थांबवायला लावली. ब्रिटननं २०१८ मध्ये गळतीसाठीच्या पट्ट्यांसह असा वापर रोखला, आणि २०२० मध्ये तिथल्या चौकशी अहवालानं बायकांच्या तक्रारी वर्षानुवर्षं कशा झटकल्या गेल्या याची नोंद केली. गळतीची छोटी पट्टी आणि प्रोलॅप्सची मोठी जाळी या वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तर युरोपात पहिल्या ९० स्त्रियांचा पाठपुरावा १७ वर्षं झाला. तपासायला मिळालेल्यांपैकी दहांतल्या नऊ जणींची गळती तपासणीत आढळली नाही. तरीही पट्टीचे त्रास काही जणींना होतातच, आणि ज्यांना ती नको त्यांच्यासाठी स्वतःच्याच मांडीच्या किंवा पोटाच्या पडद्याची पट्टी, किंवा दुर्बिणीतून बर्च पद्धत, हे पर्याय आहेत.

आईनं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, ‘‘ती नंतर काढता येते का?’’ सर्जन म्हणाले, ‘‘काकू, पूर्ण काढणं अवघड असतं. म्हणून घाई करू नका.’’ आईनं दोन महिने घेतले. मग हो म्हणाली.

आपल्याकडे ही शस्त्रक्रिया बऱ्याचदा पाठीत इंजेक्शन देऊन करतात. त्यात कमरेखालचा भाग बधिर होतो, पण पोटाचेही स्नायू ढिले पडल्यामुळे खोकला कमजोर येतो. आईच्या बाबतीत भूलतज्ज्ञांनी स्थानिक भूल आणि शिरेतून थोडं गुंगीचं औषध असं ठरवलं. त्यांच्या परवानगीनं मी डोक्याच्या बाजूला स्टुलावर बसले होते. पट्टी घालून झाली. भूलतज्ज्ञांनी गुंगी कमी केली, आईच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, ‘‘काकू, आता जरा खोका.’’

आई खोकेना. डोळे उघडे होते, ऐकू येत होतं, तिनं मानही हलवली. घशातून फक्त ‘अंहं’ असा आवाज आला. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. ३१ वर्षं तिनं खोकला दाबायचा सराव केला होता. चार अनोळखी माणसांसमोर, पाय फाकवून बांधलेले असताना, भरल्या पिशवीनं तिला खोकायला सांगत होते. चादरीखाली तिच्या मांड्या एकमेकींकडे यायला धडपडत होत्या, हे मला दिसत होतं.

भूलतज्ज्ञांनी मास्क जरा खाली केला आणि तिचा हात हातात घेतला. ‘‘काकू, इथं सगळं ओलंच आहे. सांडलं तर सांडू द्या, आम्हाला तेच बघायचंय. मोठ्यानं खोका, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढं.’’

आई खोकली. ‘‘अजून एकदा,’’ सर्जन म्हणाले. ती पुन्हा खोकली. ‘‘अजून.’’ तिसऱ्या खोकल्याला सर्जन म्हणाले, ‘‘एक थेंब. बस्स.’’ आईच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं आणि भूलतज्ज्ञ ते कापसानं टिपत होते.

०००

काही महिन्यांनी पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी दुसऱ्या टोकाची शस्त्रक्रिया पाहिली. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी रोबोटनं ती ग्रंथी काढायची होती. ‘दा विंची’ यंत्राला अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी जर्मनीत फ्रँकफर्टला त्याच्या मदतीनं प्रोस्टेट काढली गेली. पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये शिकलेले डॉ. मणी मेनन यांनी अमेरिकेत डेट्रॉइटला ही पद्धत घडवली आणि जगभर नेली. आपल्या देशात गुरुग्राममध्ये तयार झालेला ‘मंत्र’ हा रोबोटही आता वापरात आहे. यंत्र स्वतः काही करत नाही. सर्जन चार पावलांवर पडद्यात डोकं घालून बसतो. त्याच्या बोटांची हालचाल पोटातली बारीक अवजारं करतात, हाताचा कंपही गाळून.

रुग्ण एसटीतून निवृत्त झालेले वाहक होते. भूलतज्ज्ञ मॅडमनी त्यांना विचारलं, ‘‘काका, डोळ्याला काचबिंदू आहे का कधी सांगितलेला?’’ प्रोस्टेटच्या ऑपरेशनला डोळ्याचं काय, असा चेहरा काकांनी केला. उत्तर मला तासाभरात समोरच दिसलं.

काका झोपल्यावर श्वासनलिकेत नळी गेली. डोळ्यांत जेल घालून ते चिकटपट्टीनं बंद केले आणि वर पॅड ठेवले. शिरेत एकाऐवजी दोन सुया, लांब नळ्या जोडून, कारण पुढे हातापर्यंत कुणालाच पोचता येणार नव्हतं. दोन्ही हात गादीत गुंडाळून अंगाशी बांधले. खाली न घसरणारी गादी होती. मॅडमनी टेबल एकदा झुकवून काका घसरत नाहीत ना हे पाहिलं. मग पोटात कार्बन डायऑक्साइड भरला, टेबलाचं डोकं तीसेक अंशांनी खाली गेलं आणि रोबोटचे चार हात त्यांच्यावर येऊन अडकले.

जणू जिन्यावर डोकं खाली करून तीन तास झोपायचं, आणि वर पोट फुगवलेलं. रक्त चेहऱ्याकडे धावतं, डोळ्यांतला दाब वाढतो. काचबिंदूचा प्रश्न त्यासाठी होता. आतडी छातीच्या पडद्यावर रेलतात, फुप्फुसांना फुगायला जागा उरत नाही. फुप्फुसंच वर सरकल्यामुळे नळीचं टोक आत जाऊन एकाच फुप्फुसात शिरू शकतं. पोटातला वायू रक्तात उतरतो. पडद्यावरचा कार्बन डायऑक्साइडचा आकडा ३५ वरून ४१ वर गेला, तशी मॅडमनी श्वासाची गती वाढवली. सलाइन हात राखून चाललं होतं, कारण मूत्राशय आणि मूत्रमार्ग जोडेपर्यंत लघवी जास्त झाली तर शिवण्याची जागाच बुडते, आणि चेहरा-घसा आणखी सुजतो.

आणि एक गोष्ट अजिबात घडायला नको होती: खोकला. अवजारं पोटात आहेत, यंत्राचे हात हवेत घट्ट आहेत. रुग्ण हलला तरी यंत्र हलत नाही. एका ठसक्यात रक्तवाहिनी फाटू शकते. म्हणून स्नायू पूर्ण सैल ठेवावे लागतात. मॅडमनी काकांच्या मनगटाशी विजेचे बारीक झटके देणारं यंत्र लावलं होतं. अंगठा हलतो का ते पाहायचं. ‘‘अंगठा गप्प आहे म्हणून मी गप्प बसू शकत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘छातीचा पडदा अंगठ्याआधी जागा होतो.’’ अंगठा निपचित असतानाही रुग्ण खोकू शकतो; त्यामुळे त्याहून खोल मोजमाप घेत औषध चालू ठेवावं लागतं. हृदय थांबलंच, तर आधी रोबोट सोडवावा लागतो. कुणी कुठला हात काढायचा याची तालीम या शस्त्रक्रियागृहात ठरावीक दिवशी होते.

शेवटचा टाका झाला. टेबल सपाट झालं. काकांचा चेहरा सुजून वेगळाच दिसत होता, पापण्या फुगलेल्या. मॅडमनी लगेच नळी काढली नाही. डोकं उंच करून थांबल्या. नळीभोवतीचा फुगा रिकामा करून बाजूनं हवा सुटते का ते ऐकलं, म्हणजे घसा सुजून बंद झालेला नाही याची खात्री. स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या रेणूला वेढून निकामी करणारं दुसरं औषध दिलं. युरोपात २००८ मध्ये मान्यता मिळालेलं. आणि मग त्या वाट पाहत उभ्या राहिल्या. यंत्रांचा टिकटिक आवाज सोडला तर खोलीत शांतता होती. काकांची छाती हलली, कपाळावर आठी आली आणि ते खोकले. ‘‘आले काका,’’ मॅडम म्हणाल्या आणि नळी काढली.

०००

आठवडाभरानं काकांचं कॅथेटर निघालं आणि त्यांना गळती सुरू झाली. प्रोस्टेट काढताना लघवी रोखणाऱ्या स्नायूंना धक्का बसतोच. बहुतेकांचा ताबा काही महिन्यांत, वर्षभरात परत येतो. तेच केगलचे व्यायाम पुरुषांनाही लागतात. काहींचा येत नाही. त्यांच्यासाठी मूत्रमार्गाभोवती पाण्यानं भरलेली वेटोळी बसवतात, अंडकोशात छोटा पंप. दाबला की वेटोळी सैल होऊन लघवी होते, थोड्या वेळानं आपोआप आवळते. या कृत्रिम झडपेचं आजचं रूप १९८३ पासून वापरात आहे. पण तिथपर्यंत पोचायला आधी बोलावं लागतं, आणि पुरुष बायकांहूनही कमी बोलतात. काकांनी मला फोनवर सांगितलं ते असं: ‘‘पॅड आणायला मी पुढच्या गल्लीतल्या दुकानात जातो. आपल्या दुकानदाराला तोंड कसं दाखवायचं?’’

सिम्सनं शिवलं तसं भोक, म्हणजे ‘फिस्टुला’, आजही जगात आहे. अडलेल्या बाळंतपणानं होतं, आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही कधी होतं. आदिस अबाबाचं फिस्टुला रुग्णालय १९७४ पासून अशाच बायकांसाठी चालतं. भारतात आता काही ठिकाणी ते भोक रोबोटनंही शिवतात, पूर्ण भूल देऊन. याचं मला मोल वाटतं. पण कोट्यवधींच्या त्या यंत्राची आईला गरज नव्हती. तिला हवा होता स्पष्ट प्रश्न विचारणारा डॉक्टर, तीन महिने शिकवणारी फिजिओथेरपिस्ट, अर्ध्या तासाची शस्त्रक्रिया करणारा सर्जन आणि हात धरून खोकायला सांगणारा भूलतज्ज्ञ. जिल्ह्याच्या गावात हे चौघं असले पाहिजेत. यंत्रं येतील तेव्हा येवोत.

आणि घरातल्या घरात आपण एवढं तरी करावं: आई, आत्या, सासरे, वडील, ज्यांनी प्रवास टाळायला सुरुवात केली आहे, पाणी कमी केलं आहे, त्यांना कारण विचारावं. मी ३१ वर्षं विचारलं नाही.

गेल्या दिवाळीत संध्याकाळी आई अंगणात पणत्या लावत होती. शेजारच्या मुलांच्या फटाक्यांचा धूर कंपाउंडवरून आत आला आणि तिला ठसका लागला. हातात तेलाची वाटी होती, ती तिनं सांडू दिली नाही. पाय होते तिथेच, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. ती तोंडाशी पदर न धरता, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं खोकली, आणि वाकून पुढच्या पणतीत तेल घालू लागली.